चौथा रकाना

दर नोव्हेंबरात लंडनहून एक निळा कागद यायचा,
रास्ता पेठ, दुसरा मजला, सिम्हाबाई किहीमकर.
साहेबांना एवढंच विचारायचं असे :
बाई, तुम्ही आहात का?

आहे, असं बाईंनी स्वतः सांगून भागत नाही.
न्यायाधीश, डॉक्टर, धर्मगुरू नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक,
यांतल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहावं लागतं.
डॉक्टर पाच रुपये मागायचा,
म्हणून त्या माझ्याकडे आल्या, त्रेसष्ट साली,
चपला ऑफिसच्या दाराबाहेर काढून,
जणू त्यांचाच मुलगा नापास झाला होता.

यजमान हनोख किहीमकर, एडनच्या बंदरखात्यात हेडक्लार्क.
लागले तेव्हा एडन मुंबईचं होतं.
मग एका सकाळी ते मुंबईचं राहिलं नाही, विलायतेचं झालं.
टेबल तेच, दौत तीच, वर पंखाही तोच,
सव्वीस वर्षांची चाकरी मात्र मधोमध चिरली :
अकरा वर्षं ह्यांच्या खाती, पंधरा त्यांच्या,
आणि कुणाची किती यावर दोन सरकारांचा पत्रव्यवहार.
माणूस निवृत्त झाला, फाईल झाली नाही.
पैसे सुरू झाले तोवर दमा लागला होता.
शिलिंगांचे रुपये ते पेन्सिलीनं भिंतीवर करत.
रंगारी आला की बाई अजून म्हणतात,
तेवढा तुकडा सोड.

पहिला रकाना नावाचा.
दुसरा जन्मतारखेचा. ‘मानमोडीच्या साथीआधी दोन वर्षं,’ त्या म्हणाल्या.
मी एक जून लिहिली. शाळेत सगळ्यांची तीच असते.
तिसरा : अर्जदार आज माझ्यासमक्ष हजर.
चौथा : अर्जदाराने पुनर्विवाह केलेला नाही.

तो मी पहिल्या वर्षी मास्तरी आवाजात मोठ्यानं वाचला.
त्या हसल्या, पदर तोंडावर घेऊन.
दुसऱ्या वर्षी मनात वाचला.
तिसऱ्या वर्षी शिक्का मारताना
शाई जरा जास्तच लागली.

सदुसष्टात एडनवरचा झेंडा उतरला.
निळा कागद आला नाही.
नवे म्हणाले, जुन्यांना विचारा. जुने म्हणाले, नव्यांना.
नऊ महिने मी पत्रं लिहिली, शाळेच्या टाइपरायटरवर,
ज्याचा ‘ई’ अडकतो.
नऊ महिने चौथा रकाना जगात कुठेच नव्हता.

एकदा जीपीओतून परतताना, क्वार्टर गेटपाशी,
त्या थांबल्या. म्हणाल्या,
‘मास्तर, आता आपल्याला कुणी काही विचारत नाही.’
मी म्हणालो, ‘येईल हो, पत्र येईल.’

आलं.
माझ्याच सतराव्या पत्राला उत्तर आलं,
थकबाकीसकट.

यंदा मार्चात मी शिक्का जमा केला.
नव्या बाई हुशार आहेत, मान वर न करता सही करतात.
मी बाहेर बाकावर बसलो होतो,
ज्याच्यावर मी वीस वर्षं उनाड पोरं बसवली.

सिम्हाबाई कागदावर फुंकर घालत आल्या.
‘झालं?’
‘झालं. आहे म्हणे मी.’
मग चपला पायात सारताना, खालीच बघत :
‘तुमचं पेन्शन सुरू झालं ना? तुम्हाला काय काय विचारतात?’
‘हेच. नाव, तारीख, जिवंत का.’
‘आणि चौथं?’
‘तीनच रकाने आहेत,’ मी म्हणालो.

त्यांनी पाकिटाची कड जिभेनं ओली केली,
चिकटवली, अंगठ्यानं दाबून धरली
बराच वेळ.